वकिलाच्या टेबलावरचं यंत्र

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



निवेदकांनी माझी ओळख कवी म्हणून करून दिली आणि लगेच विषय सांगितला, वकिलांच्या ऑफिसासाठी कोणतं तंत्रज्ञान निवडावं. तेव्हा आपण नीट ऐकलं ना, म्हणून काहींनी रेडिओचा आवाज वाढवला असेल. नीटच ऐकलंत. कवितेने माझं घर कधी चाललं नाही. बी. ए. झाल्यावर मी सांगलीत एका वकिलांकडे टंकलेखक म्हणून लागलो आणि वीस वर्षं तिथेच राहिलो. माझे अब्बा साताऱ्यात एका वकिलांचे कारकून होते. म्हणजे आमच्या दोन पिढ्यांनी काळ्या कोटाच्या सावलीत भाकरी खाल्ली.

गेल्या वर्षी माझ्या भाचीने सनद घेतली आणि साताऱ्यात स्वतःचं ऑफिस काढायचं ठरवलं. आपाने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, तिला दोन लाख रुपये उभे करून दिले. त्यातले निम्मे कर्जाचे. एका रविवारी ही पोरगी चार-पाच कंपन्यांची माहितीपत्रकं पिशवीत घालून सांगलीला आली. "मामू, यातलं काय घेऊ? तुम्ही या धंद्यात होता."

पत्रकं गुळगुळीत होती. एकात लिहिलं होतं की तारखा, फी, फायली, पक्षकारांना निरोप, सगळं आपोआप होईल. दुसऱ्यात तर नोटीस आणि दावासुद्धा यंत्रच लिहून देणार होतं. सगळ्यांची वर्गणी दरमहा. मी ती बाजूला ठेवली आणि तिला म्हटलं, "बेटा, आधी तुझ्या नानांचं ऑफिस बघ, मग माझं. त्यानंतर फुफीचा दावा कसा गेला ते ऐक. खरेदीला मग जाऊ."

अब्बांच्या ऑफिसात एक लाकडी कपाट, फायलींची दप्तरं आणि एक जाड डायरी होती. डायरीच्या पानावर त्या दिवसाची कामं लिहिलेली असत: मागची तारीख, मुकदमा नंबर, पक्षकारांची नावं, कशासाठी ठेवलंय आणि पुढची तारीख. कोर्टातून संध्याकाळी आल्यावर चहाच्या आधी अब्बा पुढच्या तारखेचं पान उघडून तिथे नोंद करत. चहा त्यानंतर. तारीख बदलली तर आधीच्या नोंदीवर एक आडवी रेघ मारत, पण ती अशी की खालचं वाचता यावं. मी लहानपणी विचारलं होतं, पूर्ण खोडत का नाही? ते म्हणाले, "खोडलेलंही वाचता आलं पाहिजे, कोर्टाच्या कामात तेही लागतं."

कपाटात काही दस्त मोडीत होते. खरेदीखतं, गहाणखतं. कागद शाबूत, शाई शाबूत, पण वाचणारी माणसं कमी होत चाललेली. तसा दस्त निघाला की गावातल्या एका वृद्ध गृहस्थांना रिक्षाने आणायचे, त्यांचा चष्मा पुसून द्यायचा आणि ते वाचतील तसं बालबोधीत उतरवून घ्यायचं. लिपी बदलली की कागद जिवंत असूनही मुका होतो, हे मी तेव्हा पाहिलं. पुढे माझ्या स्वतःच्या हातांनी लिहिलेल्या मजकुराचंही तेच होईल असं मात्र वाटलं नव्हतं.

मी नोकरीला लागलो तेव्हा माझ्यासमोर गोदरेजचं मराठी टंकयंत्र होतं. हिरवट लेजर पेपर, मध्ये कार्बन, एका दमात चार-पाच प्रती. शेवटची प्रत न्यायाधीशांकडे जाणार नाही एवढी काळजी घ्यायची. मला त्या यंत्राचा आवाज आवडायचा. माझ्या पहिल्या संग्रहातल्या निम्म्या कविता ऑफिस सुटल्यावर त्याच्यावर उतरल्या, हे आमच्या साहेबांना शेवटपर्यंत कळलं नाही. २१ जुलै १९९८ला शासनाने अधिसूचना काढून मराठी ही जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा ठरवली आणि मराठी टायपिस्टला जरा भाव आला. मुशायऱ्यांत मला अजून कुणी तरी विचारतं, तुम्ही उर्दूत का लिहीत नाही? मी सांगतो, वकील, दावा, अर्ज, तारीख, हुकूम, नक्कल, कैफियत, जप्ती हे सगळे शब्द अरबी-फारसीतून येऊन मराठीत कायमचे राहिले. मी त्यांच्याबरोबर दिवसभर राहतो, मग वेगळं कुठे जाऊ?

पुढे ऑफिसात संगणक आला. दावा एकदा लिहिला की नावं बदलून दुसरा तयार, हे सुख मोठं होतं. तेव्हा मराठीसाठी श्रीलिपी, आकृती, कृतिदेव असे फाँट होते आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. त्यांतली गोम आम्हाला उशिरा समजली. आत संगणक इंग्रजी अक्षरंच साठवत होता आणि वर मराठी अक्षराचं चित्र दाखवत होता. तो फाँट असलेल्या यंत्रावर 'वादी' दिसायचं. फाँट नसलेल्या यंत्रावर तीच फाईल उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. संगणक बदलले, फ्लॉपी गेली, फाँटची परवाना-चकती हरवली आणि माझ्या हातचे शेकडो दावे मोडी झाले. फरक एवढाच, की मोडी वाचायला निदान एक वृद्ध गृहस्थ होते.

आता फुफीची गोष्ट.

माझ्या फुफीचा तासगाव तालुक्यातल्या शेतजमिनीबद्दल वाटपाचा दावा होता. वडिलांची जमीन, भावांच्या नावावर चढलेली, तिचं नाव सातबारावर कुठेच नाही. २००२ साली दावा दाखल झाला. टाईप मीच केला. तिचं नाव मेहेरुन्निसा. रेशनकार्डावर ते एक तऱ्हेने होतं, मतदार यादीत दुसऱ्या, आणि फेरफाराच्या नोंदीत तर 'मेहरून'. आमच्या नावांचं हे नेहमीचंच आहे. महेबूब, मेहबूब, महिबूब असा एकच माणूस तीन कागदांवर तीन होतो. दाव्यात मी 'मेहेरुन्निसा उर्फ मेहरून' लिहिलं.

२००४ साली आमच्या ऑफिसात एक विक्रेता आला. वकिलांसाठी खास पॅकेज. सगळ्या कामांची यादी, रोज सकाळी त्या दिवसाच्या तारखा छापून देणार. संगणकाच्या मागे डबीसारखी एक चावी खोचायची, ती असेल तरच पॅकेज चालणार. साहेबांचं मन होत नव्हतं. मी आग्रह धरला. मी तरुण होतो आणि डायरी लिहायचा मला कंटाळा होता. जानेवारी २००५पासून डायरी बंद, हे माझंच म्हणणं. सहाशे-सातशे कामांच्या नोंदी मी दोन महिन्यांत भरल्या. फुफीचं नाव भरताना एक मात्रा राहिली. 'मेहरुन्निसा' झालं.

पुढच्या वर्षी तासगावहून मुलगा चिठ्ठीवर नवी तारीख घेऊन आला. मी नाव शोधलं, बरोबर लिहून शोधलं, आणि यंत्राने सांगितलं, असं काम नाही. घाईत होतो. राहून गेलं असेल म्हणून नवी नोंद केली. महिनाअखेरीस यादी साफ करताना एकाच मुकदमा नंबराच्या दोन नोंदी दिसल्या. दुबार म्हणून एक काढून टाकली. नेमकी नवी तारीख असलेली. डायरीत रेघेखालचं वाचता येतं. पॅकेजमधून काढलेली ओळ कधी होती की नव्हती याचाही मागमूस राहिला नाही.

त्या तारखेला तासगावात कुणी गेलं नाही. त्यापुढच्या तारखेलाही नाही. दावा गैरहजेरीत काढून टाकला गेला. असा दावा पुन्हा नंबरावर घ्यायचा अर्ज ३० दिवसांत करायचा असतो. आम्हाला कळलं ४१व्या दिवशी, आणि तेही फुफीमुळेच. ती बाजाराला गेली होती, सहज कोर्टात डोकावली आणि बेलिफाला विचारलं, आमचं काय झालं? मग उशीर माफ व्हावा म्हणून अर्ज, त्यावर हरकत, त्यावर तारखा. दावा पुन्हा उभा राहायला चौदा महिने लागले. दहाव्या महिन्यात फुफी वारली.

साहेब मला एक शब्द बोलले नाहीत. फुफीही बोलली नव्हती. शेवटच्या ईदला तिने एवढंच विचारलं होतं, "बेटा, मशीन में मेरा नाम बराबर है ना अब?"

भाची हे ऐकताना पत्रकांच्या कडा दुमडत होती. ती म्हणाली, "मामू, पण आता असं होणार नाही. आता मोबाईलवर निरोप येतो."

तिचं खरं आहे, आणि मी यंत्रांचा शत्रूही नाही. ई-कोर्ट प्रकल्प २००७पासून टप्प्याटप्प्याने आला. आज जिल्हा आणि तालुका न्यायालयांतल्या प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो मोबाईलवर घातला की मागची तारीख, पुढची तारीख, टप्पा, सगळं दिसतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. न्यायालयांतला हा सगळा कारभार ज्या प्रणालीवर चालतो ती एनआयसीच्या पुण्याच्या चमूने बांधली, आणि तीही मुक्त स्रोत पद्धतीने, म्हणजे कुणा विक्रेत्याच्या डबीत ती अडकलेली नाही. आमच्या पॅकेजचा विक्रेता चार वर्षांत दिसेनासा झाला होता. नव्या संगणकांना ती चावी खोचायची जागाच नव्हती. सहाशे-सातशे कामांची माहिती आत, आम्ही बाहेर.

म्हणून मी भाचीला पहिली गोष्ट सांगितली ती ही. विक्रेत्याला वेग विचारू नकोस. त्याला विचार की उद्या मी तुझं पॅकेज सोडलं तर माझी सगळी माहिती साध्या तक्त्यात बाहेर काढून देशील का, आणि आत्ता माझ्यासमोर काढून दाखव. आणि कुणी नोंद बदलली, कुणी काढली, कधी, हे दिसतं का? वाटपाचा दावा वीस-पंचवीस वर्षं चालतो. संगणक पाच-सात वर्षं. मधल्या तीन-चार स्थलांतरांत तुझे कागद तुझ्याबरोबर आले पाहिजेत. तिने पाच जणांना फोन केले. दोघांनी दाखवलं, एकाने विषय बदलला, दोघांनी नंतर फोनच घेतला नाही.

दुसरी गोष्ट मराठीची. युनिकोड आल्यापासून फाँटची खिचडी थांबली. युनिकोडात 'क' हा सगळीकडे 'क'च असतो. पण शोधाशोधीत अजून खड्डे आहेत. 'ॲडव्होकेट' हा शब्दच बघा. त्याचं पहिलं अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतं, एक सबंध अक्षर म्हणून किंवा 'अ'वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखीच. यंत्राला निराळी. 'शेतकऱ्या'तला तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा 'र' तसाच, दोन वाटांनी लिहिला जातो. एका वाटेने लिहिलेलं दुसऱ्या वाटेने शोधलं तर काही यंत्रं हात वर करतात. पुण्या-मुंबईच्या इंग्रजीत चालणाऱ्या ऑफिसांना याची झळ नसेल. साताऱ्या-सांगलीत पक्षकार, सातबारा, कैफियत, जबाब सगळंच मराठीत. तिथे हे तपासल्याशिवाय यंत्र घेणं म्हणजे चाळणी न बघता पीठ घेणं.

भाचीने यावर एक युक्ती काढली आणि ती मला सुचली नव्हती. फाईलचं नाव माणसाच्या नावाने ठेवायचंच नाही, सीएनआर क्रमांकाने ठेवायचं. आणि आत एक रकाना: 'नावाची सर्व रूपं'. आधारकार्डावरचं, सातबाऱ्यावरचं, रेशनकार्डावरचं, शाळेच्या दाखल्यावरचं. चुकीची असली तरी जशीच्या तशी. सातबारा संगणकावर आणताना चुकलेली नावं दुरुस्त करण्यासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम १५५खाली लोकांनी किती हेलपाटे घातले, हे गावाकडच्या श्रोत्यांना वेगळं सांगायला नको.

मग पाणी. हे सांगलीकरांना कळेल. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी साडेसत्तावन्न फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. माझ्या ओळखीच्या एका वकिलांचा संगणक टेबलाखाली, जमिनीवर होता, जसा तो सगळ्यांचा असतो. फायली वरच्या फळीवर होत्या त्या वाचल्या. खालच्या भिजल्या त्या गच्चीवर दोऱ्या बांधून वाळवल्या, पापडासारख्या. सीलबंद दस्त वाळून वाचता आले. संगणकाची डिस्क नाही. त्यांनी तिची दुसरी प्रत ठेवली होती, पण त्याच खोलीतल्या ड्रॉवरमध्ये! मी भाचीला म्हटलं, कृष्णा साताऱ्याकडून सांगलीला येते. तुझी एक प्रत ऑफिसात, एक आपाच्या घरी माळ्यावर, आणि एक दूर कुठल्या तरी भरवशाच्या सर्व्हरवर कुलपात असू दे. आणि वर्षातून एकदा त्या प्रतीवरून एक फाईल उघडून बघ. प्रत आहे म्हणणारे पुष्कळ भेटतात, उघडून बघणारा मला अजून भेटायचा आहे.

आता पक्षकार पुरावा म्हणून मोबाईल पुढे करतात. बांध फोडताना काढलेली चित्रफीत, धमकीचा निरोप. इथे आपल्या महाराष्ट्रातलं एक प्रकरण प्रत्येक वकिलाच्या टेबलावर असायला हवं. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर विजयी झाले. कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं, की त्यांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनची वेळ उलटल्यावर घेतले गेले. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणाचा. पण त्या चित्रणासोबत कायद्याने लागणारं प्रमाणपत्र अधिकारी देईनात. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७मध्ये निवडणूक रद्द ठरवली. १४ जुलै २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवताना स्पष्ट केलं, की मूळ यंत्रच कोर्टात आणलं नाही तर प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. ज्याने ते मिळवायला सगळे प्रयत्न केले आणि तरी मिळालं नाही, त्याला मात्र त्यापायी अडवता येणार नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, कलम ६३खाली, त्या प्रमाणपत्रात फाईलचा 'हॅश'ही लिहावा लागतो. हॅश म्हणजे त्या फाईलचा अंगठा समजा. आत एक ठिपका बदलला तरी अंगठा बदलतो. तेव्हा भाचीच्या ऑफिसात पक्षकाराला पहिल्या दिवशी सांगायचं वाक्य ठरलं आहे: "चित्रफीत मला व्हॉट्सॲपवर पाठवू नका, फोन घेऊन या, आणि तो फोन विकू नका." व्हॉट्सॲपवर चित्रफीत दबून बारीक होते. याला एक रुपयाचं यंत्र लागत नाही.

उरलं ते स्वतःच दावा लिहिणारं यंत्र. त्यावर फार बोलत नाही. २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या एका कोर्टात वकिलांनी अशा यंत्राने सुचवलेले निवाडे दाखल केले आणि ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. ५,००० डॉलर दंड झाला. आमचे साहेब निवाड्याचं पुस्तक उघडून पान दाखवल्याशिवाय टाईप करू देत नसत. भाचीने ते यंत्र भाषांतराच्या कच्च्या खर्ड्यापुरतं ठेवलं आहे, पक्षकाराचं नाव-गाव न घालता. पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं बाहेर जाता कामा नये, हा नियम संगणकाच्या फार आधीचा आहे.

शेवटी तिने काय घेतलं? एक बऱ्यापैकी संगणक, टेबलावर, जमिनीवर नाही. कागद आपोआप ओढणारा स्कॅनर, कारण ई-फायलिंगसाठी तोच लागतो. छपाईयंत्र. वीज गेली तर अर्धा तास तग धरणारी बॅटरी, साताऱ्याच्या पावसाळ्यात तिच्यावाचून गत नाही. दोन बाहेरच्या डिस्क. जिने माहिती बाहेर काढून दाखवली त्या दोघांपैकी एकीची वर्गणी, फक्त एका वर्षाची. पैसे उरले. त्यातून तिने खुर्च्या चांगल्या घेतल्या, तासन्‌तास बसणाऱ्या म्हाताऱ्या पक्षकारांसाठी. हे माझ्या यादीत नव्हतं. आणि नव्वद-शंभर रुपयांची एक डायरी, ती मी घेऊन दिली. यंत्रात तारीख गेली की डायरीतही जाते, चहाच्या आधी.

फुफीचा दावा आता तिच्याकडे आहे. हुकूमनामा होऊन काही वर्षं झाली. पण शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी कोर्ट करत नाही, त्यासाठी प्रकरण कलम ५४खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, मोजणी होते, हरकती येतात. एक वाद वर गेला आहे. तो आता मुंबईला नाही, १८ ऑगस्ट २०२५पासून सुरू झालेल्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे चालेल, म्हणजे साताऱ्याहून सकाळच्या एस.टी.ने जाऊन रात्री घरी येता येईल. मागच्या आठवड्यात भाचीने फोन केला. फुफीची नोंद करत होती. "मामू, नावाच्या रकान्यात चार रूपं झाली. अजून एखादं आहे का?"

मी म्हटलं, घरात तिला सगळे मेहरू म्हणायचे.

"तेही घालते," ती म्हणाली, आणि मला पलीकडे डायरीचं पान उलटल्याचा आवाज आला.